तांब्यातली वाट

कचेरीत त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी एकही दिवस शिकवलं नव्हतं, पण बत्तीस वर्षं सर्किट बोर्डांचे आराखडे काढताना हाताखाली आलेल्या प्रत्येकाचे कान मात्र पिळले होते. आता हाताखाली एकच जण उरली होती. तिने पस्तिशी ओलांडली होती, घरी दुसरीतली लेक होती, तरी मास्तर तिला धाकटीच म्हणत. तिलाही ते त्यांच्याच तोंडून आवडे.

त्या वर्षी त्यांच्याकडे अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास मोजणाऱ्या यंत्राचं काम आलं. यंत्राचा मेंदू म्हणजे नखाएवढी चिप. तिच्या पोटाला कथलाचे साडेतीनशे गोळे, खसखशीहून बारीक, एकमेकांना खेटून बसलेले. त्यातल्या मधल्या गोळ्यांमधून चिपला वीज मिळायची. एका व्होल्टहूनही कमी, पण मागितली की त्याच क्षणी हजर लागायची. जरा उशीर झाला की बाईसाहेब रुसल्याच.

आराखडा मास्तरांनी काढला. बोर्ड बनून आले आणि पहिल्याच चाचणीत घोळ झाला. पडद्यावर आलेख काढता काढता यंत्र बिनतारी संदेश पाठवायला गेलं की चिप मान टाकायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. तीन सेकंद पडदा काळा. बाळाच्या उशाशी तीन सेकंद काही थोडे नव्हेत. विभागप्रमुख बाईंनी धाकटीला बोलावून सांगितलं, चार दिवसांत कारण हवं, आणि चूक कुणाची तेही लिहून हवं.

धाकटीने बोर्डाच्या मागून, चिपच्या बरोब्बर पोटाखाली, स्कोपची, म्हणजे विजेची चढउतार रेघेने दाखवणाऱ्या यंत्राची, सुई टेकवली. वीज निघताना ठणठणीत होती. चिपपर्यंत पोचताना मात्र धाप लागल्यासारखी खाली बसत होती. म्हणजे दुखणं वाटेत होतं. तिने मास्तरांचा आराखडा उघडला आणि वीज वाहणारा तांब्याचा थर तेवढा ठेवून बाकीचे थर झाकले.

प्रत्येक गोळ्यासाठी बोर्डात एक भोक जातं, आणि ज्या भोकांना ही वीज नको त्यांना तांबं चिकटू नये म्हणून भोवती मोकळी जागा सोडतात. इथे भोकं इतकी जवळ होती की त्या मोकळ्या जागा एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. मधे तांब्याची पट्टी उरायला हवी होती, ती उरलीच नव्हती. वीज सगळ्या चिपला वळसा घालून, एका कोपऱ्यातून आत शिरत होती. आराखडा तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने हरकत घेतली नव्हती, कारण जोडणी तुटलेली नव्हती. नुसती लांबची झाली होती. ऐन वेळी घोटभर वीज पुरवणारे चिमुकले कपॅसिटरही चिपच्या खाली नव्हते, दूर कडेला सरकले होते.

धाकटी बघतच राहिली. हे सगळं तिला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मास्तरांनीच शिकवलं होतं. मग एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. हल्ली मास्तर पडद्याकडे मान वाकडी करून बघत. पत्र आलं की चष्मा घरी राहिल्याचं सांगून तिच्याकडून वाचून घेत. जिन्यावर कठड्याचा हात सोडत नसत. आपण त्याला वय म्हणून मोकळे झालो, असं वाटून तिला स्वतःचाच राग आला.

तिने बाईंना पत्र लिहायला घेतलं, ‘किरकोळ दुरुस्ती केली आहे’. मग ते खोडलं. उद्या दुसऱ्या बोर्डात हेच झालं तर? आणि मास्तरांना कळलं की धाकटीने आपली चूक पदराखाली लपवली, तर ते तिला उभ्या जन्मात माफ करणार नाहीत, हेही ती जाणून होती.

दुपारी चहाच्या वेळी ती त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

“मास्तर, मधली पट्टी राहिलीच नाहीये.”

त्यांनी कप खाली ठेवला.

“मला ती दिसली होती,” ते म्हणाले. “म्हणजे, तिथे ती असणार असं मी धरून चाललो.”

“सरळ बघितलं की काय दिसतं तुम्हाला?”

“मधोमध धुकं. कडेकडेचं दिसतं. तुझा चेहरा बघायचा तर तुझ्या कानाकडे बघावं लागतं.”

“कधीपासून?”

“वर्ष होईल. घरी हिलासुद्धा सांगितलं नाही गं. बोलून दाखवलं की खरं होतं.”

धाकटीने त्यांच्या हातावर हात ठेवला. मग ते उठले, आणि तिने नको म्हणायच्या आत बाईंच्या खोलीत गेले. चूक माझी आहे, डोळ्यांचं लपवलं हीसुद्धा माझीच, असं त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं. बाई कडक होत्या, पण ऐकून त्यांनी आधी खुर्ची पुढे केली. काम धाकटीने करायचं आणि मास्तरांनी शेजारी बसायचं, असं ठरलं.

पुढचे दहा दिवस ती त्यांचे डोळे झाली. ती प्रत्येक भोकाची ओळ आणि रकाना सांगे, मास्तर डोळे मिटून ऐकत आणि टेबलावर बोट फिरवत. “ही चार भोकं एका रांगेत घे. आता मधून गल्ली निघाली बघ, त्यात तांबं ओत. कपॅसिटर पोटाखाली, भोकाला अगदी लागून. लांब बसवलेस तर ताकीद.” एकदा त्यांनी गल्लीची रुंदी तीनदा विचारली. ती वैतागली, तेव्हा ते म्हणाले, विश्वास तुझ्यावर आहे, स्वतःवर ठेवायला शिकतोय. मधल्या एका सकाळी ती त्यांना आणि त्यांच्या बायकोला, काकूंना, घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली राखता येईल, असं डॉक्टर म्हणाले. काकूंनी वाटभर मास्तरांचा दंड सोडला नाही.

नवे बोर्ड आले. धाकटीने आलेख आणि संदेश एकदमच सुरू केले. तासभर यंत्र एकदाही अडलं नाही. बाई बघून गेल्या, आणि जाताना मास्तरांना म्हणाल्या की यापुढे कुठलाही आराखडा तुम्हाला वाचून दाखवल्याशिवाय बाहेर जायचा नाही.

सगळे गेल्यावर मास्तरांनी स्कोपकडे तोंड केलं.

“रेघ कशी आहे?”

“सरळ आहे.”

“असं नाही. नीट सांग.”

मग धाकटीने खुर्ची जवळ ओढली आणि डाव्या टोकापासून सांगायला सुरुवात केली: कुठे किती थरथरते, संदेश निघताना केसभर कशी वाकते आणि लगेच कशी सावरते. मास्तर तिच्या कानाकडे बघत ऐकत होते.