लंगड्या गाढवाचं पाणी कुणी तोडलं?

"आणि मग सगळ्या प्राण्यांनी मिळून लंगड्या गाढवाच्या दारात पाणी पोचवलं!" असेन्सियोदादांनी पुस्तक मिटलं आणि ते पाहुण्यांकडे बघून हसले.

शहरातल्या लोकांनी आमच्या शाळेला दयेची, सहकार्याची रंगीत पुस्तकं वाटली होती. असेन्सियोदादा पाणी समितीचे अध्यक्ष, म्हणून वाचायचा मान त्यांचा. मी शाळेची स्वयंपाकीण. मागे निखाऱ्यांवर पाहुण्यांसाठी गिनीपिग भाजत होते, आमच्या डोंगरातली ती मेजवानी. पुस्तकातला गिनीपिगही डोक्यावर इवलंसं मडकं घेऊन मदतीला निघाला होता. एरवी मला हसू आवरलं नसतं, पण त्या दिवशी अंगाची लाही होत होती.

सोइलाआजीच्या नळाचं पाणी महिनाभर बंद होतं. बंद करायला लावणारे हेच दादा! मिंगा म्हणजे सगळ्या गावाचं काम. पाट उपसायला दर घरातून एक माणूस आलंच पाहिजे. लागोपाठ चुकलं की पाणी बंद. आजी पडली, खुब्याचं हाड मोडलं. घरात दुसरं कुणी नाही. तिनं काय आपलं कण्हणं पाठवायचं होतं? डोंगरावरच्या झऱ्यापासून गावात नळ आणला तेव्हा तिनं लेकरू पाठीशी बांधून नळ्या वाहिल्या होत्या. हे अध्यक्ष तेव्हा शेंबूड पुसायला शिकत होते.

"काय शिकलात मग?" दादांनी विचारलं.

तामिया उभी राहिली. दुसरीतली पोर. "दादा, गाढव मिंगाला आलं नव्हतं ना?"

"कसं येणार? पाय मोडला होता त्याचा."

"मग त्याचं पाणी कुणी तोडलं?"

पोरीनं आगाऊपणा केला नव्हता. या गावात जन्मलेली, तिला नियम पाठ होता. पाहुण्यांना काहीच कळलं नाही; त्यांनी कौतुकानं टाळ्या वाजवल्या.

"बस खाली. ती गोष्ट आहे," दादा म्हणाले.

मी चिमटा खाली ठेवला. "दादा, पोरीला उत्तर द्या."

"डेल्फिना, तू वाढायचं बघ."

"आजीचा नळ का बंद आहे ते या पाहुण्यांना सांगा, मग वाढते."

"एकीला सोडलं तर उद्या अख्खं गाव कंबर धरून बसेल!"

कार्यक्रमाला जमलेलं गाव हसलं. माझेच शेजारीपाजारी, आजीच्या हातचं खाऊन वाढलेले! शाळेच्या बाईंनी मी ठेवलेला चिमटा उचलला आणि स्वतः वाढलं. हाडं चोखत सगळे सहकार्यावर बोलत राहिले.

मी माझ्या घरची घागर भरली आणि आजीकडे गेले. ती खाटेवर बसून मका सोलत होती. सगळं सांगितलं तर खुदकन हसली.

"गाढवानं निदान कुणाला तरी पाठवायचं होतं गं. नियम म्हणजे नियम."

मला तिचाही राग आला. घागर घेऊन तशीच अंगणात गेले. नळाची चावी पूर्ण सोडलेली होती.

"आजी, नळ उघडाच राहिलाय!"

"राहू दे. मला उठायला वेळ लागतो. त्यांनी पाणी सोडलं तर वाया नको जायला."

नळाखाली पातेलं होतं. राखेनं घासून लख्ख केलेलं, कोरडं.