धार तुटली तेव्हा

ज्यू वस्तीत कोणी बाई वारली की तिला अंघोळ घालायला सिनेगॉगमागच्या खोलीत चौघी जमायच्या, आणि हुकूम चालायचा तो मावशींचा. हात लोण्यासारखे मऊ, जीभ तिखटजाळ. मयताच्या अंगावरची चादर त्या गरजेपेक्षा बोटभरही सरकू देत नसत. जित्या माणसांची मात्र चारचौघांत सालटी काढत.

त्या दिवशी त्यांची सून पहिल्यांदाच आली होती. त्यांच्याच आग्रहावरून. "मन घट्ट कर, की जमतं," त्यांनी बजावलं होतं. स्वतःच्या जिवलग मैत्रिणीला अंघोळ घालतानाही मावशींनी टिपूस गाळलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना चांगलाच तोरा होता.

आज समोर होत्या सुनेला लहानपणी वाचायला शिकवणाऱ्या बाई.

शेवटी तीन बादल्या ओतायच्या, आणि धार तुटू द्यायची नाही. पहिली संपायच्या आत दुसरी सुरू व्हायला हवी. पहिली मावशींकडे होती, दुसरी सुनेकडे. पाण्याने बाईंचे पांढरे केस कपाळावर आले आणि सुनेला हुंदका फुटला. बादली हातातच राहिली. धार तुटली.

"पुन्हा पहिल्यापासून!" मावशी कडाडल्या.

"आई, मला जरा..."

"इथे मी कुणाची आई नाही. रडायचं असेल तर बाहेर हो. बाईंची विटंबना नको."

सून बादली ठेवून निघून गेली. उरलेल्या दोघींपैकी एकीने ती बादली उचलली.

दुसऱ्यांदा धार अखंड पडली. मावशींना मात्र आतून खात होतं. धार पुन्हा धरायलाच हवी होती, त्यात तडजोड नाही. पण तेवढंच म्हणून भागलं असतं. पुढचं सगळं पोरीला ओरबाडायला होतं. देव न्यायाच्या आसनावरून उठून दयेच्या आसनावर बसतो, हे त्यांनीच सुनेला किती कौतुकाने सांगितलं होतं! आपल्याला मात्र जागचं हलता येत नाही. मावशींना स्वतःची लाज वाटली.

कफन नेसवून झालं, बाईंना पेटीत ठेवलं. आता रीतीप्रमाणे अंघोळ घालणाऱ्यांच्या प्रमुखाने मयताची माफी मागायची. मावशी वाकल्या.

"बाई, तुमचा मान राखताना आमच्या हातून काही चुकलं असेल तर..."

पुढे शब्दच फुटेना. कितीजणींपुढे त्या हे घडाघडा म्हणाल्या होत्या. उलट उत्तर देऊ शकेल अशा एकाही माणसाची माफी त्यांनी आजवर मागितली नव्हती. त्यांनी कसंबसं वाक्य पुरं केलं आणि त्या बाहेर आल्या.

सून बाकावर बसली होती. दार नुसतं लोटलेलं, आतलं सगळं तिला ऐकू गेलं होतं.

"चुकलं माझं," मावशी म्हणाल्या. "तुला तसं बोलायला नको होतं. मला माफ कर."

सुनेने वर पाहिलं. डोळे सुजले होते.

"बाईंनी लगेच माफ केलं असेल, आई. मला वेळ लागेल."

मावशींच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते त्यांनी गिळलं.

"लागू दे," त्या म्हणाल्या.