मेलेल्या कपॅसिटरांचा डबा

“मेला. हाही मेला,” आबा म्हणाले आणि हातातला केशरी कपॅसिटर त्यांनी पत्र्याच्या डब्यात टाकला.

पिपाणीने आधी डब्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. चार वाजता तिला शाळेच्या वाद्यवृंदाच्या ताईंपुढे उभं राहायचं होतं आणि तिची इलेक्ट्रिक गिटार टेबलावर पोट उघडून पडली होती.

मागच्या वेळी ताई म्हणाल्या होत्या, “हात चांगला आहे गं तुझा. पण ही गिटार कानात टोचते. गाण्यातल्या हळू जागांना तरी मऊ वाजव.” पिपाणीने टोनचं बटण खाली फिरवलं, तर आवाज होता तसाच राहिला. “ते बटण आहे की शोभेला लावलंय?” ताईंनी विचारलं. सगळी मुलं खो खो हसली. मग ताई हळूच म्हणाल्या, “शनिवारपर्यंत नीट करून आण. नाहीतर वाद्यवृंदातली तुझी जागा मला दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल.”

आज शनिवार होता.

आबा म्हणजे आईचे वडील. रेडिओ, स्पीकर आणि वाद्यं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. नातीला पिपाणी हे नाव त्यांनीच ठेवलं, कारण पाळण्यात ती अशी काही रडायची की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. गिटार उघडताच त्यांना दुखणं सापडलं होतं. टोनच्या बटणाखालचा कपॅसिटर तुटला होता.

“हा म्हणजे चाळण,” त्यांनी तिला समजावलं होतं. “बटण खाली केलं की टोचणारे बारीक आवाज यातून गळून जातात आणि जाडसर तेवढे स्पीकरकडे जातात. चाळणीची भोकं लहान असली तर थोडंच गळतं. मोठी असली की खूप गळतं. आपल्याला किती गाळायचंय, ते ठरवायचं.”

ते ठरवायची आबांची एक पद्धत होती. कपॅसिटरवरचा आकडा वाचायचा नाही. चिमट्यांनी तो नुसता जोडायचा. एकाने वाजवायचं आणि बटण फिरवायचं. दुसऱ्याने स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि आवाज बदलला की बोट वर करायचं. टाका घालायच्या आधी जागा बदलून पुन्हा एकदा तेच करायचं. दोन्ही बोटं जुळली तरच सोल्डर, म्हणजे वितळलेल्या कथलाचा टाका.

आज आबा स्टुलावर होते. पिपाणीने पहिला कपॅसिटर लावून तार छेडली आणि बटण हळूहळू खाली आणलं. आवाजाची धार थोडी कमी झाली. पण आबांचं बोट काही हललं नाही.

“अगं, फिरव की!”

“फिरवलं, आबा.”

“मग मेला.”

दुसऱ्या, केशरी कपॅसिटरचंही तेच झालं. तोही डब्यात गेला. पिपाणीला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. ऐकायचं कसं, ते तिला आबांनीच तर शिकवलं होतं.

मग तिने सगळ्यात मोठा, तपकिरी कपॅसिटर लावला. बटण निम्म्यावर येतं न येतं तोच आबांचं बोट टुणकन वर गेलं.

“हा बघ! हा जिवंत निघाला!”

पिपाणीच्या कानाला मात्र कुणीतरी गिटारीच्या तोंडात उशी कोंबल्यासारखं वाटलं. सूर एकमेकांत कालवले गेले होते. बटण वर केलं की गिटार टोचायची आणि खाली केलं की गुदमरायची.

“आबा, हा फार दबतोय.”

“मऊ हवं म्हणाल्या ना त्या? मग आहे की मऊ. कानांना काय झालंय तुझ्या?” आबा स्टुलावरून उठले. “आता नीट ऐक. या बटणाखालचा हा पत्र्याचा पाय आधीच ढिला झालाय. एकदाच तापवता येईल. पुन्हा तापवला तर निखळून हातात येईल आणि घरात दुसरं बटण नाही. तेव्हा एकच टाका, पण पक्का.”

आतून आईचा आवाज आला. “पिपाणे, बूट घाल! बाबा, होतंय ना?”

“होत आलं!” आबांनी ओरडून सांगितलं. मग पिपाणीला म्हणाले, “सोल्डरिंग तापलं का बघ गं.”

पिपाणी जागच्या जागी थांबली. सोल्डरिंगचं यंत्र तापलं होतं. केव्हापासून टीं टीं करत होतं. आबा तिला हे रोज विचारायचे. तिला वाटायचं, मोठी माणसं विचारतात तसं विचारत असतील.

मेले होते ते कपॅसिटर नव्हते.

गप्प बसावं, तर गिटार आज गुदमरणार आणि जागा जाणार. बोलावं, तर आबांना काय वाटेल? ज्या माणसाच्या कानांवर चार गल्ल्यांतले लोक विसंबून होते, त्याला हे सांगायचं तरी कसं?

आबांनी तपकिरी कपॅसिटर बटणाच्या पायाशी धरला.

“थांबा!”

“आता काय?”

“जागा बदलायची राहिली. तुमचाच नियम आहे.”

“उशीर होतोय, बाळा.”

“पण नियम आहे ना? आणि तो लावू नका. आत्ता डब्यात टाकलात ना दुसरा, तो लावा.”

“मेलेला?”

“लावा ना, आबा.”

पुटपुटत त्यांनी तो लावला. पिपाणी स्टुलावर बसली. भिंतीच्या रंगाला एक पोपडा आला होता. ती त्याच्याकडेच बघत राहिली.

तार वाजली. बटण खाली आलं आणि तिने बोट वर केलं. बटण परत गेलं, तिने बोट खाली घेतलं. मग आबांनी तिला फसवायला बटण न फिरवता नुसतीच तार छेडली. तिचं बोट हललं नाही. त्यांनी बटण केसभर सरकवलं. बोट केसभर उचललं गेलं.

तार वाजायची थांबली. मागे वळायचा पिपाणीला धीर होईना.

“कधीपासून?” आबांनी विचारलं.

“माहीत नाही. पण ते यंत्र तापलं की वाजतं, आबा. टीं टीं. तरीही तुम्ही मला विचारता.”

“वाजतं?”

“आत्ताही वाजतंय.”

आबांनी वाकून यंत्राला जवळजवळ कान लावला. तसेच वाकून राहिले.

“मला वाटलं त्याचा भोंगा बिघडलाय,” ते म्हणाले. “उद्या उघडून बघणार होतो.”

“बाबा!” आई दारात उभी होती. “निघायला हवं.”

आबा ताठ झाले. “बोल. कोणता?”

“हाच. आत्ता लावलाय तो.”

“माझ्याकडे बघून सांगू नकोस. भिंतीकडे बघून सांग.”

त्यांनी तिन्ही कपॅसिटर पुन्हा एकेक करून वाजवून दाखवले. पहिल्यात टोचणं थोडं उरत होतं, तपकिरीत सूर कालवले जात होते. मधला लागताच तिचं बोट वर गेलं. “हाच.”

आबांनी चष्मा पुसला. सोल्डरिंग पायाला टेकवलं. पाय डगमगला. धुराची बारीक रेघ उठली, सोल्डर पातळ होऊन चकाकलं आणि आबांनी हात काढून घेतला.

“फुंकर मारू नकोस! आपोआप निवू दे.”

दोघं वाकून बघत राहिले. आबांनी चिमट्याने पायाला हळूच ढकलून पाहिलं. तो जागचा हलला नाही.

“हात अजून माझेच आहेत,” ते म्हणाले आणि झाकणाचे स्क्रू आवळायला लागले.

चार वाजता शाळेत ताई हाताची घडी घालून उभ्या होत्या. हळू जागा आली. पिपाणीने बटण खाली आणलं. सूर मऊ झाले, पण प्रत्येक सूर वेगळा उमटला. ताईंनी घडी सोडली. “हं. पुढचं वाजव,” एवढंच म्हणाल्या.

आबा मागच्या रांगेत बसले होते. पिपाणी बाहेर आली तशी त्यांनी विचारलं, “काय म्हणाल्या?”

“हं म्हणाल्या.”

“हं म्हणजे?”

“म्हणजे सोमवारपासून यायचं!”

घरी आल्यावर आबांनी बूटही काढले नाहीत. सरळ टेबलाशी गेले आणि पत्र्याचा डबा पालथा केला. कित्येक महिन्यांचे कपॅसिटर खडखडत पसरले.

“किती जणांना जिवंत पुरलं, कुणास ठाऊक.”

“बाबा, कानाच्या डॉक्टरांना फोन करते मी,” आई म्हणाली.

“कर. सोमवारचं सांग.” त्यांनी जुन्या रेडिओला चिमटे जोडले, स्टूल पायाने भिंतीकडे सरकवलं आणि ढिगातून एक केशरी उचलला. “बस गं, पिपाणी. हा बिचारा आधी.”