रायबाचे बूट

माझ्या चित्रकथेचा नायक रायबा एका हातानं डोंगर उचलतो. पहिल्याच पानावर तो राजगडावरून झेप घेतो आणि गुंजवण्यातल्या आमच्या खळ्यात उतरतो. तीन महिने खपून मी त्याला घडवला होता. भाताच्या झोडणीला गावी आले, तेव्हा कौतुकाच्या आशेनं वही आक्काबाई आत्याच्या हातात दिली.

पान बघताच तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"ह्यो बूट घालून खळ्यात उतरला?"

"अगं आत्या, तो उडतो!"

"उडू दे की! खळ्यात लक्षुमी हाय, तितं पायताण घालून येतंय व्हय कुणी? ह्याच्या आईनं ह्याला काय शिकवलंच न्हाई?"

मला असा राग आला! रायबाची आई कोण, हे मलाच ठाऊक नव्हतं.

धुसफुसत मी खळ्याच्या कडेला बसले आणि ते पान फाडलं. नव्या पानावर रायबा खळ्याबाहेरच उतरला. बूट काढायला वाकला आणि थबकला. मोज्याला भोक पडलं होतं, त्यातून अंगठा डोकावत होता, आणि समोर अख्खं घर झोडणीला उभं होतं. डोंगर उचलणारा गडी लाजून लालबुंद झाला.

मी वही पुन्हा आत्यापुढं केली.

आत्या इतकी हसली, की पेंढ्यावरच बसली. मग पदरानं डोळे पुसत तिनं रायबाच्या अंगठ्यावर बोट ठेवलं.

"त्याला म्हणावं, एखाद्या दिशी उडायला न्हाई जमलं तरी चालंल. जेवायला मातुर ये."