कडू खडा

बोट जिभेला लागलं आणि नाकवाले काका चमकले. डिंक कधी कडू नसतो.

त्यांनी पोत्यातला दुसरा खडा चाटला. तोही कडूजहर. हा तर हिराबोळ! दहा मिनिटांपूर्वी याच पोत्यातून त्यांनी डिंक म्हणून पुडी बांधून दिली होती. घेणारी सातव्या महिन्यातली होती. "सासूबाई दुधातून देणार आहेत," असं हसत म्हणाली होती.

जडीबुटीच्या या दुकानात काकांची चाळीस वर्षं गेली होती. धुळीनं माखलेले खडे सगळे सारखेच दिसत. काका नुसत्या वासावर ते वेगळे करत. तीन महिन्यांपूर्वी ताप आला, तो गेला आणि जाताना वासही घेऊन गेला. काकांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

"बाई, ती मघाची मुलगी राहते कुठं?" त्यांनी मालकिणीला विचारलं.

"पाण्याच्या टाकीमागं, शिंप्याच्या वर. का हो?"

काका अनवाणीच धावत सुटले.

दोन जिने चढून ते दारात पोहोचले तेव्हा पेला मुलीच्या हातात होता.

"पोरी, पिऊ नकोस!"

"अहो, कोण तुम्ही? सरळ घरात काय शिरताय?" सासू कडाडली.

"दुकानातला. तो डिंक नाही, बोळ आहे. हिरड्या दुखल्या तर चूळ भरावी, जखमेला लावावा, धुपात घालावा. पण पोटुशीच्या पोटात जाऊ नये. किती प्यालीस?"

"दोन घोट," मुलगी पुटपुटली. "कडू लागलं, म्हणून थांबले."

"मीच म्हटलं, नाक दाबून पी," सासूनं तिच्या हातातला पेला काढून घेतला.

दवाखान्यात मुलीला आत नेलं. बाहेरच्या बाकावर दोघंच उरले.

"असतो तरी काय हा बोळ?" सासूनं विचारलं.

"काटेरी झाडाचा चीक. वाळला की खडा होतो. अरबीत त्याला मुर्र म्हणतात. मुर्र म्हणजेच कडू. आमच्या वस्तादांनी पहिल्या दिवशी माझ्या जिभेवरच ठेवला होता."

"एवढं माहीत असून चुकलात कसे?"

काकांनी मान खाली घातली. "मला वास येत नाही. तीन महिने झाले."

सासू काही बोलायच्या आत डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "बाळाचे ठोके व्यवस्थित आहेत. थोडक्यात निभावलं. आजचा दिवस इथंच राहू दे."

काका दुकानात परतले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. मालकीण लालबुंद झाली. "आधी बोलायला तोंड नव्हतं? उद्यापासून गिऱ्हाइकाचं काही बांधायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ते मागच्या खोलीत रिकामे बसून होते. मालकीण नवं पोतं ओढत आली. तिनं एक खडा फोडला, नाकाशी धरला.

"धुरकट आहे. मागून लिंबाच्या सालीसारखं काहीतरी येतंय."

"राळेसारखं चिकट नाही ना?"

"नाही. कोरडं. जरासं गोडूस."

काका डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "हा ऊद. पुन्हा एकदा हुंगा, आणि सावकाश सांगा."