माझी दुसरी वायर

मित्रांनो, मोटरसायकलच्या आरशात तुम्ही भांग पाडता, टाकी फडक्याने चकाचक पुसता. पण त्या टाकीखाली कोण बसलंय, ते कधी वाकून पाहिलंय? तिथे माझी जागा. मी इग्निशन कॉइल, वयाने बरीच जुनी आणि स्वभावाने जराशी गर्विष्ठ. माझ्या पोटात तांब्याच्या तारेचे हजारो वेढे आहेत. बॅटरीची बारा व्होल्टची वीज त्यांत शिरली की अशी काही जोर धरते, की प्लगच्या टोकावर ठिणगी उडते आणि पेट्रोल पेट घेते.

मला घडवले एका ऐटबाज दोन सिलिंडरच्या गाडीसाठी. तिचे दोन्ही पिस्टन जोडीने वर यायचे आणि जोडीनेच खाली जायचे. ते आलटून पालटून वर येणारे असते, तर ज्याला त्याला वेगळी कॉइल लागली असती. या जोडगोळीला मात्र मी एकटी पुरले. म्हणून तर मला दोन वायरी! वीज एका वायरीने निघायची, पहिल्या प्लगवर ठिणगी पाडायची, इंजिनाच्या धातूतून दुसऱ्या प्लगकडे जाऊन तिथेही ठिणगी पाडायची आणि दुसऱ्या वायरीने घरी परतायची. दोहोंतली एक ठिणगी कामाला यायची, दुसरी धूर बाहेर टाकणाऱ्या सिलिंडरात फुकट जायची. पुढच्या फेरीला त्यांची पाळी बदलायची.

भैंसा गावच्या एका कापूस व्यापाऱ्याने ती गाडी बरीच वर्षे मिरवली. तिचा आवाज ऐकून लोक माना वळवायचे. माझे नाव कुणी घेत नसे, पण कौतुकातला अर्धा वाटा मी मनातल्या मनात उचलून घ्यायचे. पुढे गाडी थकली, सुटी सुटी विकली गेली आणि मी जैनथ गावात भिवाजींच्या गॅरेजात, नटबोल्टांच्या डब्यात येऊन पडले. तिथे माझ्यावर ग्रीस सांडले, धूळ बसली, एकदा तर पालीने अंडीसुद्धा घातली. फार वाईट वाटायचे हो.

गेल्या मे महिन्यात एका सकाळी नर्स पंचफुलाताई घामाघूम होऊन गाडी ढकलत आल्या. मागे लसींची पेटी बांधलेली होती.

“भिवाजीभाऊ, गाडी बंद पडली पाहा. नदीकाठच्या वस्तीवर लेकरं वाट पाहून राह्यले. बर्फाचं पाणी झालं का लस वाया जाते!”

भिवाजींनी गाडी तपासली. “कॉइल जळली, ताई. नवी आदिलाबादहून उद्या येईन.”

वस्तीकडच्या पांदण रस्त्यात ऑटो शिरत नव्हते आणि गॅरेजातल्या बाकीच्या गाड्या खोललेल्या होत्या. शेवटी भिवाजींनी डबाच उपडा केला आणि मी बाहेर आले. आनंदाने माझे वेढे सैल व्हायचे बाकी राहिले!

पण ताईंची गाडी एका सिलिंडरची, तिला प्लगही एकच. माझी एक वायर त्याला जोडली. दुसरीचे काय करायचे? भिवाजींचे अर्धे आयुष्य शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्यात गेलेले. ओल्या कपाशीत मोकळ्या तारेने काय होते, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. मोकळी तार उघडी ठेवायची नाही, हा त्यांचा नेम. त्यांनी माझ्या दुसऱ्या वायरीला काळी टेप मायेने गुंडाळली. मित्रांनो, माझा जीवच गुदमरला. विजेला परतायची वाटच बंद! वीस किका झाल्या, गाडी ढिम्म. ताईंनी पेटी उघडून पाहिली. बर्फ निम्मा विरघळला होता.

“हे बी गेलेलीच हाय,” म्हणत भिवाजींनी मला भंगारात टाकले.

त्यांची मुलगी प्रगती आयटीआयला शिकते. तिने मला उचलले. “बाबा, हिले दोन तोंडं काऊन?”

“दोन सिलिंडरच्या गाडीची हाय ते.”

“मंग एक तोंड बांधलं तं करंट वापस कसा येईन?”

“उघडी ठेवू का? कोणाले झटका लागला मंजे?”

“उघडी नाय ठेवत. तिले वाट देऊ.”

तिने मला पुन्हा बसवले, टेप सोडली, दुसऱ्या वायरीला एक जुना प्लग लावला आणि तो पेट्रोलपासून दूर, इंजिनाच्या बाहेरच्या धातूच्या पात्यांना तारेने घट्ट बांधला. विजेची घरी परतायची वाट पुन्हा मोकळी झाली. पहिली किक वाया गेली. दुसऱ्या किकेला गाडी फुरफुरली आणि मग धडधडू लागली! बाहेरच्या प्लगवर माझी जास्तीची ठिणगी तडतड नाचत होती. ताई निघाल्यासुद्धा.

संध्याकाळी त्या रिकामी पेटी दाखवत आल्या. “एकवीस लेकरं, भाऊ! एक बी परत नाय गेलं.”

भिवाजींनी आपला चहाचा कप प्रगतीच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी ताईंच्या गाडीला एका वायरीची नवी कॉइल बसली. मला प्रगतीने कामाच्या टेबलावर ठोकून बसवले आहे. गिऱ्हाइकाचा जुना प्लग एका वायरीला, नवा दुसरीला. दोन्ही ठिणग्या शेजारी शेजारी दाखवून ती प्लगांची पारख करते. आणि एखादा सुटा भाग कुणी फेकायला निघाला, की भिवाजी हात धरतात, “थांबा, पयले आमच्या पोरीले इचारू.”

मित्रांनो, एखादी वस्तू अडली तर तिला लगेच निकामी ठरवू नका. ती कशासाठी घडली, तिला काय लागते, एवढे तरी विचारा. आणि असे विचारणारी पोर घरात असेल, तर तिचे आधी ऐका.