दाराची भिंत

मिल कधीच बंद पडली, पण बाबा अजून पहाटे उठून दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि पहिल्या पाळीला निघतात. मधली सगळी वर्षं त्यांच्या डोक्यातून पुसली गेली आहेत. गेल्या महिन्यात आईचा डोळा चुकवून निघाले ते थेट आरे कॉलनीतल्या रस्त्यावर सापडले, अनवाणी. तेव्हापासून आईच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"दार दिसलं की ते जाणारच. दारच दिसू देऊ नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दाराला आतून मोठं चित्र चिकटवलं की अशा पेशंटला दार ओळखू येत नाही म्हणे. माझा भाऊ नितेश लगेच कामाला लागला. एखादं काम कॉम्प्युटरवर होतं असं कळलं की तो ते दुसऱ्या कुणाला करू देत नाही.

फ्लेक्सवाल्याकडे जा म्हटलं तर नितेशचं म्हणणं, फ्लेक्स ट्यूबलाइटखाली चकाकतो, आणि चकाकणारी भिंत कांदिवलीत कुणाच्या घरात बघितली आहे? शिवाय त्याला आमच्याच भिंतीचा फोटो हवा होता, तोच पिस्ता रंग, घरच्या प्रिंटरवर जुळेपर्यंत काढून बघता येईल असा. मग मोठ्या फोटोचे ए-फोर तुकडे पाडणारं सॉफ्टवेअर शोधणं आलं. पहिलं फुकटचं, ते प्रत्येक पानावर तिरकं स्वतःचं नाव छापायचं. दुसरं दिसायला झकास, पण ते फक्त 'किती पानं' एवढंच विचारायचं. पोस्टर चार बोटं आखूड आलं आणि खाली दाराची कड दिसत राहिली.

"अरे, बाबांना विसर पडलाय, आंधळे नाहीत ते," मी म्हणाले.

"तू गप ना यार. जुळवतोय ना मी."

तिसरं सरकारी फॉर्मसारखं रटाळ होतं, पण त्यात दाराचं माप सेंटिमीटरमध्ये टाकता येत होतं आणि प्रत्येक पानाला चिकटवण्यापुरती पट्टी सुटत होती. तेच ठरलं. आईने मैद्याची खळ शिजवली. नितेशने दाराचं हँडल काढलं आणि वरची कडी कॅलेंडरने झाकली. सांधा शोधून सापडत नव्हता. मला त्याचं खरंच कौतुक वाटलं, आणि मी तसं सहसा म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा तयार होऊन आले आणि भिंतीवरून हात फिरवत राहिले.

"गे, हंय दरवाजो होतो मां? खंय गेलो?"

"आज सुट्टी आसा," आई म्हणाली.

ते शर्ट न काढता खुर्चीत बसले. असं काही दिवस चाललं, मग त्यांनी दार शोधणं सोडलं. आम्हाला जायचं-यायचं असलं की आई त्यांना आतल्या खोलीत नेऊन बसवायची. ती पुन्हा रात्रभर झोपू लागली. मीही निर्धास्त झाले, खोटं कशाला बोलू.

मग एका सकाळी बाबा उठलेच नाहीत. ताप नव्हता, काही दुखत नव्हतं. नुसते पंख्याकडे बघत पडून होते. आईने दाढीचं सामान आणून ठेवलं.

"दाढी नाय करूची?"

"कित्याक? खंय जावचा आसा?"

आई उठून बाहेर आली, कॅलेंडर काढून माझ्या हातात दिलं आणि पोस्टरच्या कोपऱ्यात नख घातलं. खळ पक्की होती, कागद चिंध्या होऊन निघत होता. नितेश धावत आला.

"अगं आई, काय करतेस? परत हरवतील ते."

"मी जातंय तेंच्या वांगडा. हरवलव तर दोघांय हरवतलव."

मी कॅलेंडर खाली ठेवलं आणि दुसऱ्या बाजूने कागद ओढायला लागले. नितेश आधी नुसता बघत राहिला, मग खालची पानं त्याने स्वतःच सोडवली. आईने कडी काढून दार सताड उघडलं आणि तिथूनच हाक मारली, "उठा हो, पाळी चुकतली."

खाट करकरली. बाबा उठून बसले होते आणि गालावरून हात फिरवत होते.

"मगे दाढीक पाणी हाड गे बेगीन," ते म्हणाले.